सावडीचा दिवस

पुक्योपाता, २ जून

लिंदे,

मी बरी आहे. तू कशी आहेस ते विचारत नाही, विचारलं तरी सांगणार नाहीस. फोन लावला की तुझा फोन मला ओळखतो आणि गप्प बसतो. म्हणून कागद. माझी तिसरीपर्यंतची शाळा एवढ्याला पुरते. यानेत म्हणाली, "आई, तू सांग, मी लिहून देते." नको म्हटलं. पोरगी शिकलेली आहे, माझं अर्धं बोलणं गाळून टाकील आणि वर म्हणेल नीट केलं.

पत्र शेजारच्या ग्रेगोरियाचा जावई सिप्रियानो आणून देईल. त्याची बस आता आरेकिपा शहरापर्यंत जाते. त्याला सांगून ठेवलंय, हातातच दे आणि ती काय करते ते बघून ये.

काम असं आहे. यानेतचं लग्न सप्टेंबरात ठरलं. मुलगा खालच्या गावचा, विल्बेर नाव, ट्रॅक्टर चालवतो, दारू बेताची. लग्नाच्या शालीची एक पट्टी विणून तयार आहे. तुला माहीत आहे, तिच्या उभ्या धाग्यांचा ताणा आपण दोघींनीच लावला होता. दुसरी पट्टी नाही. पोरीने अर्धी शाल पांघरून उभं राहायचं का? ग्रेगोरियाला समोर बसवून पाहिलं. तिचा हात माझ्यासारखाच ताठ. मागावरून पट्टी उतरवली तर वीतभर आखडली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर मायलेकी दिसतात. ती पट्टी आता ग्रेगोरिया बटाटे वाहायला वापरते.

तुझा हात सैल, माझा ताठ. दोघींचा मिळून ताणा बरोबर बसतो. हे कौतुक नव्हे, लोकरीचं तसंच असतं.

यानेत म्हणते, बाजारातून आणू. कुणाच्या बाजारातून ते मी विचारलं नाही.

जुलैत ये. ताण्याचं काम एका दिवसाचं आहे.

दोमितिला

आई विचारायला सांगते म्हणून लिहिते, नीट जेवतेस का?


पुक्योपाता, ११ जून

लिंदे,

सिप्रियानो म्हणाला, तू तुझ्या शालींच्या गाळ्यात उभ्या उभ्या वाचलंस, घडी केलीस, एप्रनच्या खिशात घातलंस आणि गिऱ्हाइकाकडे वळलीस. उत्तर काय, तर काही नाही. पण फाडलं नाहीस. मी तेवढं धरून ठेवलंय.

इथे नुसता गोंधळ चाललाय. नॉर्वेहून बायकापुरुषांचा एक गट आलाय. तिकडेही मेंढ्या पाळतात, लोकर काततात, म्हणून त्यांनी आपल्याकडे यायचं आणि पुढच्या वर्षी आपल्यातल्या दोघींनी तिकडे जायचं. या दोघी कोण, तर गावप्रमुख तेओदोसियोची बायको आणि तेओदोसियोची मेहुणी. पाहुणे यायच्या आधीच ठरलंय.

त्यांच्यासाठी कुस्कोहून मिलाग्रोस नावाची पोरगी आलीय, दुभाषी. तिने ते यायच्या आदल्या दिवशी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि म्हणाली, "ताई, काकू, घरातल्या प्लास्टिकच्या बादल्या लपवा. गॅस झाका. आणि सगळ्यांनी सणाचे कपडे घाला."

मी विचारलं, "बटाटे काढायचे दिवस आहेत. सणाचे कपडे घालून चिखलात बसू?"

"पाहुण्यांना आवडतं, काकू."

"मग पाहुण्यांना घालू दे."

ग्रेगोरिया इतकी हसली की तिची टोपी पडली. तेओदोसियो डोळे वटारून म्हणाला, "दोमितिला, तुझ्या तोंडामुळे या गावाला कधी काही मिळणार नाही." मी म्हटलं, "तुझ्या मेहुणीला मिळालंय ना, तेवढं पुरे." गॅस मी झाकला नाही.

माझ्या घरी आलीय ती तोरिल. साठीची असेल. उंच इतकी की आपल्या दाराची चौकट तिच्या कपाळाला रोज भेटते, आणि कपाळ आपटलं की ती चौकटीची माफी मागते. तिचं स्पॅनिश मोडकं, माझंही मोडकं, दोन्ही मोडकी चांगली जुळली. मिलाग्रोसची गरज पडत नाही.

आईला ती आवडली. आईचे डोळे आता फार गेलेत, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिने तोरिलच्या स्वेटरची बाही धरली, बोटांत फिरवली आणि म्हणाली, "हा हिने स्वतः विणलाय. घाईत विणलाय." तोरिलला सांगितलं तर ती लाल झाली. नातवाच्या बाळंतविड्याच्या मधे मधे विणला होता म्हणे.

सकाळी उठून काम मागते. "मी काय करू?" रोज तेच. काल बटाटे वेचले. वाईट नाही वेचत, पण प्रत्येक बटाटा हातात घेऊन बघते, जणू त्याच्याशी ओळख करून घ्यायची आहे.

शालीची पट्टी तिने पाहिली. मागे-पुढे करून पाहिली आणि म्हणाली, "दुसरी कुठे आहे?"

मी म्हटलं, बहीण कामात असते.

दोमितिला


पुक्योपाता, १३ जून

लिंदे,

आज माझा अख्खा दिवस वाया गेला. कुणामुळे ते वाच.

सकाळी तोरिल म्हणाली, "ताणा लावायला दोघी लागतात ना? मी बसते." मी नको म्हणत होते. आई म्हणाली, "बसू दे गं. लोकर उलगडता येते." मग बसवलं. रीतीप्रमाणे कोकाची पानं दिली, तिने गालात धरली, तोंड वाकडं केलं नाही. मक्याच्या दारूचे, चिचाचे, दोन थेंब धरणीमायला सांडले. खुंट्या ठोकल्या. ती तुझ्या जागी बसली, उन्हाच्या बाजूला.

मी लोकरीचा गुंडा फेकला. तिने झेलला, खुंटीला वळसा दिला, मग उठली आणि माझ्याकडे चालत आली. गुंडा माझ्या हातात दिला. वर "धन्यवाद" म्हणाली.

मी म्हटलं, "फेकायचा."

"तुमच्या अंगावर?"

"अंगावर नाही, हातात. बसून फेक."

पुढच्या वेळीही उठलीच. आई दारात बसून हसत होती. डोळे नाहीत पण चालण्याचा आवाज येत होता ना तिला. "दोमी, ही ताणा लावत नाहीय, ही तुला भेटायला येतेय."

मग शिकली फेकायला. एकदा कुत्र्यावर, एकदा चुलीपाशच्या कोंबडीच्या घरट्यात, नंतर बरोबर. दुपारी उन्हात बसून तिघींनी सूप घेतलं, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं, तुला आवडायचं ते. बोलता बोलता तोरिलने पुन्हा विचारलं, तुझी बहीण नेहमी एवढी कामात असते का. मी उत्तर देणार तोवर आई बोलून बसली. "हिने सणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर तिला यंत्रवाली म्हटलं. ती तशीच उठून गेली. तीन वर्षं झाली."

मी जे होतं ते म्हटलं होतं. यंत्राची शाल यंत्राचीच असते, आणि ती आईच्या हातची म्हणून विकायची नसते. माझं म्हणणं आजही तेच आहे, कागदावरसुद्धा तेच आहे. तोरिलने सूप संपवलं, वाटी चाटूनपुसून ठेवली आणि म्हणाली, "चला, ताणा."

दिवस कलताना आईने येऊन सगळ्या धाग्यांवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. मग म्हणाली, "बाई चांगली आहे. ताणा चांगला नाही."

झोळीसारखा पडला होता. तोरिलचा हात तुझ्याहून सैल. तिला वाटतं लोकरीला दुखेल. सगळा उसवला. तिने बसून लोकर पुन्हा गुंडाळली, अंधार पडेपर्यंत, एक गाठ न पडू देता. एवढं मात्र तिला येतं.

लिंदे, ती तुझ्या जागी बसली होती म्हणून सांगते. तिथून आपली चूल दिसते आणि डोंगरबाबाचं डोकं दिसतं. तिने विचारलं, इथे कोण बसायचं. मी नाव सांगितलं.

दोमितिला


पुक्योपाता, १५ जून

लिंदे,

पाहुणे गेले. टोप्यांना फुलं लावून, हार घालून, तेओदोसियोने भाषण करून. भाषण लांबलं, ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

पण मला एक काटा टोचत राहिला आहे. तोरिलने माझ्याकडे पूर्ण दिवस काम केलं. ताणा बिघडला तो भाग वेगळा. दिवस तर गेला ना तिचा? सावड आहे ती. परत करायला हवी. आणि ती निघाली समुद्रापलीकडे.

तेओदोसियोला विचारलं. तो म्हणाला, "पाहुण्यांचा दिवस धरायचा नसतो, बाई. ते शिकायला आले होते. त्यांना मजा वाटते."

"मजा वाटली तरी कंबर तिचीच दुखली."

"अगं, गावाच्या सावडीत परकी माणसं येत नाहीत."

मग आईने विचारलं, "दोमी, दुपारी तिला सूप कुणी घातलं?"

"मीच."

"मग झालं. कामावरच्या माणसाला घरातलं सूप घातलं की दिवस धरला गेला. तो तेओदोसियोच्या बापालाही पुसता येणार नाही."

आता तुला माहीत आहे मी कशी आहे. कुणाचं राहिलेलं मला झोपू देत नाही. सकाळी ट्रकजवळ तोरिलला वाळवलेल्या बटाट्यांची पिशवी दिली. घेतली तिने, पण मी तिला सरळ सांगितलं, "हे सावडीत नाही. हे तोंडी लावायला. सावड म्हणजे दिवसाला दिवस. तुझा एक दिवस माझ्याकडे राहिलाय आणि तू चाललीस. मी तुझ्या गावी येऊन तुझ्या मेंढ्या कापायच्या का?"

त्यांच्याकडेही कुणाचं छप्पर घालायचं असेल तर सगळं गाव जमतं, म्हणून तिला कळतं ते. मग म्हणाली, "तुझा दिवस मी दुसऱ्या कुणाला देऊ शकते का? माझ्या वतीने?"

आईला विचारलं. आई म्हणाली, देता येतो. मुलगा बापाची सावड फेडतो, सून सासूची घेते. ज्याचा दिवस तो सांगेल तिथे.

"कुणाला देणार?" मी विचारलं.

"कळवते," म्हणाली, आणि ट्रकमध्ये चढताना पुन्हा कपाळ आपटलं. ट्रकची पण माफी मागितली.

त्यांचा गट आता सरोवरावर जाणार, तिथून आरेकिपा, तिथून विमान. मी तिला तुझ्या गाळ्याचा पत्ता दिलेला नाही. यानेतने दिला असेल तर मला माहीत नाही.

दोमितिला


पुक्योपाता, २८ जून

लिंदे,

यानेतच्या फोनवर फोटो आला.

तुझा गाळा. मधे तोरिल, छताला डोकं लागलेलं, हातात शाली. तू बाजूला, चेहरा आंबट. जाड झालीस. बरं झालं.

यानेतने फोटो मोठा करून दाखवला, इकडे-तिकडे सरकवून. खाली दोन ढीग दिसले. एका ढिगावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर तुझ्या अक्षरात "यंत्रावरच्या". दुसऱ्या, लहान ढिगावर "हाताच्या". आणि वर, सगळ्यांत वर, जिथे गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही, तिथे आईची जांभळी शाल. आईला सांगितलं. ती म्हणाली, "काठ कुठल्या रंगाचा?" लाल म्हटलं. "मग तीच," म्हणाली, आणि चुलीकडे तोंड करून बसली.

पुठ्ठे कधीपासून लावलेस? मला कुणी सांगितलं नाही. सिप्रियानोला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, वर्ष झालं की." या माणसाला मी दर खेपेला काय बघून यायला पाठवते देव जाणे.

फोटोबरोबर तोरिलचा आवाज पण आला. यानेतने तीनदा वाजवून दाखवला कारण तिचं स्पॅनिश फोनमधून आणखी मोडतं. ती म्हणाली ते असं. तिने सकाळपासून तुझ्या गाळ्यावर काम केलं. शाली घड्या केल्या, गिऱ्हाइकांना हाका मारल्या, दोन नॉर्वेच्याच बायकांना धरून आणलं. दुपारी तू तिला सूप घातलंस. संध्याकाळी ती तुला म्हणाली, आता तुझ्याकडे माझा एक दिवस राहिला. दोमितिलाकडे पण माझा एक दिवस आहे. मी उद्या विमानात बसते. तुमचे दिवस मला पोचणार नाहीत. तिचा मी तुला दिला, तुझा तिला दिला. तुम्ही दोघी एकमेकींना फेडून टाका.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. आपली सावड घेऊन आपल्यालाच बांधून गेली ती बाई. चौकटीची माफी मागते आणि आतून अशी. आई मात्र पोट धरून हसली. किती दिवसांनी अशी हसली सांगू नको म्हणते, म्हणून सांगत नाही.

मग मी वाळवणाचे बटाटे तुडवायला गेले. गारठ्याने कडक झालेले होते, पायाखाली पाणी सुटत होतं, आणि तुडवता तुडवता माझ्या डोक्यात आलं. तू तिला सूप घातलंस.

लिंदे, तू आरेकिपाला राहतेस. तिथे गाळ्यावर कुणी हातभार लावला तर लोक सोडा पाजतात, दोन नाणी देतात, मोकळे होतात. तिथे कुणी सावड धरत नाही. तुलाही धरायची नसती तर तू तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं असतंस. पण तू डब्यातलं, घरून आणलेलं सूप वाढलंस. आईच्या हाताखाली वाढलेली आहेस. सूप घातलं की काय होतं ते तुला माहीत आहे. वाढताना तुला माहीत होतं.

मी विचारत नाहीय. नुसतं लिहितेय.

दोमितिला


पुक्योपाता, ५ जुलै

लिंदे,

सिप्रियानो तुझा निरोप घेऊन आला. अंगणात उभा राहून, टोपी काढून, पाठ केल्यासारखा बोलला: "त्या दोमितिलाला सांग, मी त्या उंच बाईची देणेकरीण आहे, हिची नाही. तिने दिवस इकडे वळवला म्हणून येते. एक दिवस. आणि यंत्राचा विषय निघाला तर ताणा अर्धा सोडून उठेन."

मी त्याला विचारलं, हसून म्हणाली की तोंड फुगवून? म्हणतो, "शाल झटकत होती, चेहरा दिसला नाही." पुढच्या वेळी मी दुसरा माणूस पाठवते.

बरं. ऐक आता.

तुझा निरोप मला मान्य आहे. एक दिवस. ताणा एका दिवसात लागतो. विणायला किती दिवस लागतात ते तुला माहीत आहे, ते मी सावडीत धरलेले नाहीत. आईच्या बिछान्याजवळ जागा आहे. तिला तुझ्या पायांचा आवाज ओळखायचा आहे, म्हणून सांगून येऊ नकोस म्हणते. मी म्हटलं, न सांगता आली तर मी बटाटे कुठून शिजवून ठेवू? तर म्हणे, ते तुझं तू बघ.

यंत्राचा विषय मी काढणार नाही. पुठ्ठ्यांचा काढला तर चालेल का ते कळव. त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे, वाईट नाही.

आणि माझा दिवस. तोही तुझ्याकडे राहिलाय, विसरलेले नाही. लग्न झालं की ऑक्टोबरात तुझ्या गाळ्यावर येऊन फेडते. शाली घड्या घालीन. गिऱ्हाइकाने भाव पाडला तर काय बोलीन त्याचं वचन देत नाही. दुपारचं सूप घरचं हवं, कोपऱ्यावरचं नको.

यानेत लोकर रंगवतेय. तुझ्या जुन्या भांड्यात, जे न्यायचं विसरलीस. लाल चांगला उतरला, तुझ्या वेळेइतका नाही. विल्बेरला लाकडं आणायला लावलंय. त्याला बघून घे, आणि नावडला तर मलाच सांग, पोरीला नको.

गुरुवारचा ट्रक खालून सकाळी निघतो. पुढे बस, मागे बसलीस तर तुझी कंबर जाते.

माझ्या बाजूची खुंटी ठोकून ठेवली आहे. तुझी ठोकलेली नाही. मी ठोकली की तू ती उपटून हातभर सरकवतेस, लहानपणापासून, आणि दर वेळी मी चिडते, आणि दर वेळी ताणा तिथेच बरोबर बसतो. तेव्हा तुझी तूच ठोक. दगड जवळ ठेवलाय.

तुझी थोरली बहीण,
दोमितिला